मोड आलेला सातू

शिरूरहून न्हावऱ्याकडे निघालं की थोड्याच वेळात ऊस सुरू होतो. पुढे भीमा ओलांडून चौफुल्याच्या बाजूने दौंड तालुक्यात उतरलं तरी ऊस सुटत नाही, फक्त मधूनमधून गुऱ्हाळांचा धूर दिसू लागतो. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे साखर कारखाने याच पट्ट्यातले. इथे दारूचा विषय निघाला तर बोलणं मळी, गूळ आणि नवसागर यांच्या पलीकडे सहसा जात नाही. पण उसाच्या या राज्यातच, घोड नदीच्या उजव्या काठावर, इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांखाली जे शेतकरी साडेतीन हजार वर्षांपूर्वी नांदून गेले, त्यांचं मुख्य धान्य होतं सातू. म्हणजे जव. म्हणजे ज्याच्यापासून आज जगातली बहुतेक बियर होते ते धान्य.

एवढं कळलं की पुढचं वाक्य जिभेवर येतंच: मग इनामगावचे लोक बियर पीत असतील! हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, बहुतेक वेळा हातात ग्लास असताना. त्यात तथ्य असू शकतं. पण सातू म्हणजे बियर नव्हे. सातूची भाकरी होते, कण्या होतात, पीठ भाजून पाण्यात कालवून पिता येतं. दाण्यापासून बियरपर्यंत जायला मधे एक पायरी लागते, आणि ती पायरी दारूची नाहीच. ती मोडाची आहे. प्राचीन बियरची गोष्ट सांगताना लोक यीस्ट, नशा, देवदेवता असं सगळं सांगतात आणि मोड आणण्याचं काम एका ओळीत उरकतात. माझ्या मते खरी हिकमत तिथे आहे.

इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. सविस्तर अहवाल 1988 साली आला. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन खेड्याचं इतकं बारकाईने झालेलं काम दुसरं क्वचितच सापडेल. शंभरावर घरांच्या जमिनी उघड्या केल्या गेल्या. काळ तीन टप्प्यांचा: इ. स. पूर्व 1600च्या सुमाराची माळवा संस्कृतीची वस्ती, मग 1400 ते 1000 हा जोर्वे संस्कृतीचा भरभराटीचा काळ, आणि त्यानंतर 700पर्यंतचा उत्तर-जोर्वे उतरणीचा काळ. भरभराटीच्या काळात चौकोनी, प्रशस्त, कुडाच्या भिंतींची घरं होती. नदीचं पाणी वळवण्यासाठी पाट खणलेला होता, त्याला बांध घातलेला होता. धान्य ठेवायला जमिनीत पेवं होती, कणग्यांसाठी मातीचे गोल ओटे होते. पाच खोल्यांचं एक घर गावच्या प्रमुखाचं मानलं जातं आणि त्याच्या शेजारची वास्तू धान्याचं कोठार. शेतात सातू मुख्य, जोडीला गहू, मसूर, वाटाणा, हुलगे. रानातून बोरं, जांभळं. दौंड तालुक्यात, भीमा आणि मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या वाळकीलाही याच जोर्वे काळातल्या वस्तीच्या खुणा आहेत, म्हणजे इनामगाव हे काही एकटं बेट नव्हतं.

भांड्यांमध्ये एक भांडं या विषयाला विशेष जवळचं. जोर्वे पद्धतीची भांडी तांबडी, वर काळ्या रंगाची नक्षी, भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणखणतात. त्यात कंगोरेदार वाडगे आहेत, उंच मानेचे घडे आहेत आणि तोटीचं भांडं आहे. पोट गोल आणि कुशीतून बाहेर निघालेली लांब तोटी. तोटी काढणं कुंभाराला सोपं नसतं. चाकावर भांडं झालं की ती वेगळी करून जोडावी लागते, आणि सांधा नीट बसला नाही तर भट्टीत तडकतो. एवढा खटाटोप कोणी साध्या साठवणीसाठी करणार नाही. तोटी पातळ पदार्थ सावकाश, नेमका ओतण्यासाठी असते. प्रौढ माणसाला पुरताना त्याच्याबरोबर ठेवलेल्या भांड्यांत एक वाडगा आणि एक तोटीचं भांडं असे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. मृताला खायला काही आणि प्यायला काही. आता प्यायला काय, पाणी, दूध, ताक, कांजी की सुरा, हे तोटी सांगत नाही. तोटीवरून बियरपर्यंत उडी मारणारे लेख मी वाचले आहेत. तशी उडी मारायची तर आपल्या घरच्या झारीवरूनही मारता येईल.

तर मोड. धान्याच्या दाण्यात पिष्ट भरलेलं असतं, स्टार्च. यीस्टला पिष्ट खाता येत नाही, त्याला साखर लागते. म्हणून द्राक्षं, मोहाची फुलं, शिंदीचा रस, मध किंवा गुळाचं पाणी उघडं ठेवलं की हवेतलं आणि सालीवरचं यीस्ट आपोआप काम सुरू करतं. धान्याचं पीठ पाण्यात कालवून ठेवलं तर मात्र ते आंबतं, पण चढत नाही. लातूर-धाराशिवकडे वेळअमावास्येला ज्वारीची आंबील करतात. ती आंबट होते ती दह्याच्या जातीच्या जिवाणूंमुळे. यीस्टच्या वाट्याला तिथे फारसं काही येत नाही, कारण पिष्टाचं कुलूप कोणी उघडलेलंच नसतं.

हे कुलूप उघडायचे तीन मार्ग माणसाला सापडले. पहिला लाळेचा: धान्य चावून थुंकायचं. दक्षिण अमेरिकेत मक्याची चिचा अशी करत. दुसरा बुरशीचा: भात शिजवायचा आणि त्याला बुरशी व यीस्ट असलेली विरजणाची गोळी लावायची. झारखंडची हंडिया, आसाम-अरुणाचलची अपाँग, चीन-जपानच्या तांदळाच्या दारू या घराण्यातल्या. लडाखमधली छांग तर सातूचीच, पण तिलाही मोडाची नव्हे, अशा विरजणाचीच वाट. तिसरा मार्ग मोडाचा, आणि मेसोपोटेमिया, इजिप्त, युरोप यांची बियर त्या वाटेने आली. दाणा भिजला की आतला अंकुर जागा होतो. त्याला वाढायला साखर हवी, म्हणून दाणा स्वतःच विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार करतो आणि आपलाच पिष्टाचा साठा फोडायला लागतो. माणसाची हुशारी एवढीच की अंकुराने सगळी साखर खाऊन टाकायच्या आत त्याला थांबवायचं. मोड आणून वाळवलेला असा दाणा म्हणजे माल्ट.

हे वाचून मराठी घरातल्या कुणाही आजीला काही नवं वाटणार नाही. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, सावलीत वाळवून, दळून बाळाला सत्त्व द्यायचं, ही गोष्ट घराघरांत चालत आली आहे. त्यामागचं शास्त्र बियरचंच आहे. नुसत्या पिठाची खीर घट्ट होते, बाळाला गिळवत नाही, आणि पातळ केली तर पोटात पाणीच जास्त जातं. तीच घट्ट खीर जरा निवल्यावर, बोट जेमतेम सोसवेल इतकी गरम असताना तिच्यात चमचाभर मोडाचं पीठ घालून ढवळलं, तर थोड्या मिनिटांत ती पळीवाढी होते, आणि चवीला किंचित गोडही लागते. पाणी न वाढवता खीर सैल होते, कारण विकरांनी पिष्टाच्या लांब साखळ्या तोडलेल्या असतात. बियरच्या कारखान्यात पहिल्या पिंपात हेच घडतं. म्हणजे बियरचं निम्मं काम आपल्याकडे कधीच बंद पडलेलं नाही. ते दारूच्या बाजूला न जाता बाळाच्या वाटीत गेलं.

आपल्या जुन्या ग्रंथांत मात्र मोड आणि दारू एकत्र भेटतात. वैदिक यज्ञांतला सौत्रामणी हा विधी सुरेचा. तिच्यासाठी लागणारी सामग्री यजुर्वेदाच्या परंपरेत नावानिशी येते: शष्प, तोक्म, लाजा, नग्नहू. टीकाकारांच्या अर्थाप्रमाणे शष्प म्हणजे मोड आलेली साळ, तोक्म म्हणजे मोड आलेला सातू, लाजा म्हणजे लाह्या आणि नग्नहू म्हणजे आंबवणाचं द्रव्य. मोडाचं धान्य, भाजलेलं धान्य आणि विरजण. आजच्या ब्रुअरला ही यादी दाखवली तर त्याला खुलासा विचारावा लागणार नाही. मात्र यज्ञ करणारे लोक वेगळे, घोडनदीचे लोक वेगळे. काळ साधारण जवळचा असला म्हणून एकाची कृती दुसऱ्याच्या चुलीवर चढवता येत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे. तिथे मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार दिले आहेत आणि मापंसुद्धा. मेदकासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे उडदाच्या लगद्यात तांदूळ आणि वनस्पती घालून केलेलं विरजण, पूर्वेकडच्या गोळीचं सख्खं भावंड. म्हणजे कौटिल्याच्या काळापर्यंत विरजणाची वाट पक्की झालेली दिसते. त्याच अध्यायात, सरकारी दुकानांची, हिशेबाची आणि दंडाची सगळी कडक व्यवस्था सांगितल्यावर, एक मऊ कलम येतं. कुटुंब असलेल्या गृहस्थाला घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायची मुभा आहे, आणि उत्सव, समाज, यात्रा यांच्या वेळी चार दिवस सूट आहे. घरगुती बियरला परवानगी देणारा इतका जुना सरकारी मजकूर जगात फार ठिकाणी मिळणार नाही.

बाकीच्या जगातले पुरावे आता चांगलेच जमले आहेत. इस्रायलमधल्या राकेफेत गुहेतल्या दगडी उखळांत सुमारे 13,000 वर्षांपूर्वी रानटी गहू-सातू आंबवल्याच्या खुणा असल्याचं स्टॅनफर्डच्या ली लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018मध्ये मांडलं. शेती सुरू व्हायच्याही आधीची ही गोष्ट. 1953 साली रॉबर्ट ब्रेडवूड यांनी विद्वानांपुढे एक प्रश्न ठेवला होता, की माणसाने सातू लावला तो भाकरीसाठी की बियरसाठी. त्या वादात अजून हवा भरली जाते. इराणमधल्या गोदिन तेपे इथे एका मोठ्या घड्याच्या आतल्या बाजूला मुद्दाम ओरखडे काढलेले होते आणि त्यांत पिवळसर थर बसला होता. तो कॅल्शियम ऑक्झलेट निघाला, म्हणजे सातूची बियर मुरताना तळाशी बसणारा दगडासारखा साका. घडा पाच हजार वर्षांहून जुना. इजिप्तमध्ये अबिदोसला इ. स. पूर्व 3000च्या सुमाराची भट्टी सापडल्याचं 2021मध्ये जाहीर झालं. तिथे एका वेळी सुमारे 22,400 लिटर बियर होऊ शकत होती. घरच्या रांजणाची ही गोष्ट नव्हे, हा राजाचा कारखाना.

या पुराव्यांवरून पुन्हा बियर करून बघणाऱ्यांपैकी दोन प्रयत्न मला महत्त्वाचे वाटतात. एक सान फ्रान्सिस्कोचा. सुमेरमध्ये निंकासी ही बियरची देवता, आणि इ. स. पूर्व 1800च्या सुमाराचं तिचं एक स्तोत्र मातीच्या पाट्यांवर आहे. मिगेल सिव्हिल यांनी त्याचं भाषांतर 1964मध्ये प्रसिद्ध केलं. स्तोत्रात देवीची स्तुती करता करता बियरची कृतीच येते. त्यावरून अँकर ब्रुइंगचे फ्रिट्झ मेटॅग आणि सॉलोमन कॅट्झ यांनी 1989मध्ये बियर केली. सातूच्या पिठात मध घालून दोनदा भाजलेली भाकर, माल्ट, खजूर. हॉप्स नाहीत, कारण हॉप्सचा कडवटपणा बियरमध्ये पक्का झाला तो युरोपात, मध्ययुगात. अल्कोहोल साधारण साडेतीन टक्के. जुन्या चित्रांत दिसतं तशी ती लांब नळ्यांनी ओढून प्यायली गेली, कारण वर भुसा तरंगतो.

दुसरा प्रयत्न इजिप्तचा, आणि तो जास्त शास्त्रीय. डेल्वेन सॅम्युअल यांनी प्राचीन भांड्यांतल्या उरल्यासुरल्या कणांकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. तोवर समज असा होता की इजिप्तवाले अर्धवट भाजलेल्या पावाचे तुकडे पाण्यात कुस्करून बियर करत. सॅम्युअल यांना पिष्टाच्या कणांत वेगळंच दिसलं. काही कण गरम पाण्यात शिजून फुगलेले, काही न शिजता विकरांनी पोखरलेले, आणि दोन्ही एकाच भांड्यात. म्हणजे एक भाग शिजवलेला, एक भाग कच्च्या माल्टचा, आणि मग दोन्ही एकत्र. 1996मध्ये हे निष्कर्ष आले आणि त्याच वर्षी स्कॉटिश अँड न्यूकॅसल कंपनीने त्या पद्धतीने तुतनखामेन एल नावाच्या हजार बाटल्या काढल्या.

सॅम्युअल यांची पद्धत वाचताना मला एकदम विसण आठवलं. मोडाच्या विकरांना काम करायला 60 ते 70 अंशांच्या आसपासची ऊब लागते. 75-80च्या वर गेलं की ती मरतात, फार खाली राहिली तर पिष्ट फुलतच नाही. थर्मामीटर नसताना हे साधायचं कसं? अंघोळीच्या कढत पाण्यात विसण घालतात तसं. उकळती पेज आणि तेवढंच साध्या पाण्यात कालवलेलं मोडाचं पीठ एकत्र केलं, की 100 आणि 27 यांचा मध्य साडेत्रेसष्ट. भांड्याने थोडी ऊब खाल्ली तरी साठीच्या घरात. म्हणजे माप सारखं ठेवलं की पुरे, अंश मोजायची गरज नाही. इनामगावच्या चुलीवर हे अवघड नव्हतं. पाटे-वरवंटे होते, खोल चुली होत्या, उंच मानेचे घडे होते, सातू होता.

करून बघायचं असेल तर सातू किराणा दुकानात क्वचितच असतो. पूजेच्या सामानाच्या दुकानात जव म्हणून मिळतो. पर्ल बार्ली नावाचा पॉलिश केलेला पांढरा दाणा उपयोगाचा नाही, त्याचा अंकुरच घासून गेलेला असतो. सालीसकट जव घ्यावा, निवडावा, आणि आधी मूठभर भिजवून उगवतो का ते पाहावं, कारण पूजेचा जव कधीकधी फार जुना असतो. दहा-बारा तास पाण्यात, मग पाणी काढून काही तास उघडा, मग पुन्हा पाण्यात. पाण्यातच बुडवून ठेवला तर दाणा गुदमरतो आणि कुजतो. नंतर ओल्या फडक्यात पसरून, दिवसातून दोन-तीनदा हात फिरवून खालवर करायचा. उगवणारा दाणा स्वतः तापतो. ढीग करून विसरलात तर बुरशी धरलीच. दोन दिवसांत बुडाशी पांढऱ्या मुळ्या दिसतात. खोलीत काकडी चिरल्यासारखा वास येऊ लागतो, तो चांगला. खरा कोंब मात्र सालीच्या आतून दाण्याच्या पाठीवरून सरकत असतो, बाहेर दिसत नाही. एखादा दाणा नखाने सोलून पाहावा: कोंब दाण्याच्या पाऊण लांबीला आला की थांबायचं. नवरात्रात घट बसवतो तेव्हा आपण तो हिरवा होऊन वीतभर वाढू देतो. देवाला ते चालतं, बियरला नाही, कारण तेवढ्यात अंकुराने साखर संपवलेली असते.

मग ऊन. शिरूर-दौंडचं एप्रिलचं ऊन यासाठी कोणत्याही भट्टीच्या तोडीचं आहे. कडक वाळला की मुळ्या चोळून पाखडून टाकायच्या. इथे तव्यावर खमंग भाजायचा मोह होतो. भाजलेल्या दाण्याने रंग आणि वास येतो खरा, पण त्यातली विकरं मेलेली असतात. म्हणून थोडेच दाणे भाजावेत. भरड दळून वर सांगितलेल्या विसणाच्या हिशेबाने कालवायचा आणि घोंगडीत गुंडाळून तासभर ठेवायचा. पातळ भागाचा एक थेंब बशीत घेऊन त्यावर औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन टाका. सुरुवातीला थेंब काळा-निळा होतो, म्हणजे पिष्ट शिल्लक आहे. तासाभराने घेतलेला थेंब आयोडीनचाच तांबूस रंग धरून राहतो. आणि ते पाणी गोड असतं. साखरेचा कणही न टाकता गोड. फडक्यातून गाळलं की हा झाला वर्ट, बियरचा कच्चा रस.

ज्वारीचं असंच करावं असं इथल्या माणसाला वाटणं साहजिक आहे, आणि आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टची बियर मोठ्या प्रमाणावर होतेही. पण मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबांत आणि मुळ्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते त्यामुळेच. कोंब-मुळ्या पूर्ण काढणं, वाळवणं, शिजवणं हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे त्यांनी करावं. आपण सातूवर किंवा नाचणीवर थांबावं.

आणि वर्टच्या पुढे घरात जाऊच नये, हे कायद्याचं म्हणणं. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा, आता महाराष्ट्राच्या नावाने असलेल्या, पाया असा की परवान्याशिवाय मद्य तयार करायचं नाही. त्यात ‘घरच्यापुरतं’ अशी पळवाट नाही. डब्यात चार लिटर बियर लावली तरी ती विनापरवाना निर्मिती. अमेरिकेत घरगुती बियरला 1978च्या कायद्याने मोकळीक मिळाली, ब्रिटनमध्ये 1963मध्येच परवान्याची अट गेली, आणि त्यानंतर तिथे घरच्या पिंपांतून नवनव्या बियरची चळवळ उभी राहिली. आपल्याकडे ती वाट मायक्रोब्रुअरीतून जाते. पुण्यात 2009मध्ये डूलाली सुरू झालं आणि मग शहरात ताज्या बियरची चव पसरली. ज्याला इनामगावची बियर खरंच करून बघायची आहे, त्याने अशा परवानाधारक ब्रुअरला गाठावं. मोड, दळण आणि वर्ट यांना मात्र कुणाची आडकाठी नाही. फक्त वर्ट काढला की उकळून त्याच दिवशी प्यावा. उन्हाळ्यात रात्रभर उघडा राहिला तर तो कायदा न वाचताच आंबायला लागतो.

दारू पाडण्याचा उद्योग या नद्यांच्या काठी थांबलेला नाही, हे वेगळं सांगायला नको. हातभट्टीवरच्या छाप्याच्या बातमीत ‘इतके लिटर कच्चं रसायन जागेवर नष्ट केलं’ असं वाक्य ठरलेलं असतं. ते कच्चं रसायन म्हणजे गुळाचं आंबवण, भट्टीत चढायच्या आधीचं. गूळ हाताशी असताना मोड आणायचा उपद्व्याप कोण करेल? महाराष्ट्रात धान्याची बियर मागे का पडली, याचं उत्तर मला इथेच दिसतं. कोकणात माडी आणि ताडी, आदिवासी भागात मोह, कोरड्या ओढ्यांच्या काठी शिंदी, आणि ऊस आल्यावर गूळ. साखर झाडावरून किंवा चरकातून थेट मिळत असेल तर दाण्यातून काढण्याचे कष्ट परवडत नाहीत. त्यात ब्रिटिश सरकारने 1878चा आबकारी कायदा आणि 1892चा मोहाचा कायदा आणून घरगुती आणि गावगाड्यातल्या मद्याला कुंपण घातलं, आणि जे उरलं ते चोरून करण्याजोगं, झटपट, जहाल असंच उरलं. सातूची बियर चोरून करता येत नाही. तिला आठवडा लागतो आणि अंगणभर वाळवण घालावं लागतं.

इनामगावकडे ऊस नव्हता. म्हणून तिथे मोडाच्या शक्यतेला वजन येतं. पण दुसऱ्या बाजूने विचार केला तर बियरला शिलकीचं धान्य लागतं. पाट वाहत होता, कोठार भरत होतं, तोवर शिलक होती. इ. स. पूर्व 1000नंतर पाऊस कमी झाला, गहू जवळजवळ नाहीसा झाला, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि लोक शेतीपेक्षा गुरं-मेंढरं आणि शिकार यांवर जास्त अवलंबून राहिले. त्या झोपड्यांत सातू आंबवायला ठेवण्याची चैन कुणी केली असेल असं मला वाटत नाही. असलीच तर ही गोष्ट जोर्वेच्या चांगल्या दिवसांतली, आणि तीही पाच खोल्यांच्या घराच्या अंगणातली, सणासुदीची.

याचा निकाल लावण्याची साधनं आता हाती आली आहेत. खापरांच्या आतल्या थरात ऑक्झलेट शोधता येतं, पोखरलेले पिष्टकण शोधता येतात. पण उत्खननात निघालेली खापरं धुवून वाळवायची जगभर रीत असल्याने भांड्यांच्या पोटात फारसं उरलेलं नसतं. जळालेल्या दाण्यांचं तसं नाही. 2020मध्ये आंद्रेआस हाइस आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मोड आलेल्या दाण्याच्या सालीखालच्या थरातल्या पेशींच्या भिंती पातळ झालेल्या असतात, आणि दाणा जळून कोळसा झाला तरी ती खूण टिकते. इजिप्तच्या जुन्या भट्ट्यांतल्या आणि युरोपातल्या सरोवरकाठच्या वस्तीतल्या नमुन्यांवर त्यांनी ती पाहिली. इनामगावचा सातू आपल्याला कळला तोही अशाच जळालेल्या दाण्यांवरून. त्या दाण्यांचा पातळ छेद घेऊन ती भिंत मोजता येईल.

फक्त एक सावधगिरी लागेल. पावसात पेवात पाणी शिरलं तरी धान्याला मोड येतात, आणि त्यांच्याही भिंती पातळच होतात. जर्मनीत होखडॉर्फला इ. स. पूर्व पाचव्या-चौथ्या शतकातल्या चरांत मोडाचे हजारो सातू सापडले, तेव्हा हान्स-पेटर स्टिका यांनी ते माल्ट ठरवलं ते सगळ्या दाण्यांचे कोंब जवळपास एकाच मापाचे होते म्हणून. कुणीतरी पाहून, वेळेवर थांबवल्याशिवाय ते एकसारखे होत नाहीत. घोडनदीकाठी एखाद्या रांजणाच्या बुडाशी किंवा चुलीलगत असे एकसारखे कोंब आलेले दाणे निघाले तर तोटीच्या भांड्यात काय होतं यावर बोलता येईल. कमीजास्त लांबीचे, पेवाच्या तळातले निघाले, तर त्या साली इनामगावात पाऊस जास्त झाला होता, एवढंच.